हळदीकुंकवाची शिरगणती

"तुमचं घर यादीत नाहीये."

सुमेधाताईंनी हे मान वर न करताच सांगितलं. त्यांचं बोट यादीवरून खाली सरकत होतं. शेवटच्या ओळीवर आलं, थांबलं. पान उलटलं. तेही संपलं. मग त्यांनी मान वर केली आणि हसल्या. तोंडभर. असं हसणारी माणसं मला लहानपणापासून ठाऊक आहेत. ती नाही म्हणतानाच हसतात.

रविवार सकाळ, दहा वाजलेले. सिंगापूरच्या सेरंगून भागातल्या कम्युनिटी क्लबातली एक खोली. दारावर झेंडूच्या प्लास्टिकच्या माळा, आत छोट्या छोट्या खुर्च्या. इथल्या मराठी मंडळाच्या मराठी वर्गाचा पहिला दिवस, प्रवेशाची यादी मंडळाच्या सुमेधाताईंकडे. माझ्या हाताला माझी मुलगी यशोधरा, आठ वर्षांची. तिच्या हातात नवी दुरेघी वही. त्या वहीसाठी मी लिटिल इंडियातली तीन दुकानं पालथी घातली होती. इथल्या पोरांच्या वह्यांत दुरेघी ओळी नसतात.

"ताई, मी फॉर्म भरलाय. ईमेलने पाठवलाय."

"हो हो, मिळाला ना! पण काय आहे, गणनेत जी घरं आली त्यांना आधी प्रवेश. खोली एवढीशी. तुमचं कसं राहिलं कोण जाणे. जागा उरली तर कळवते हं मी."

माझ्या मागे रांग. रांगेत आरती, माझ्याच मजल्यावर दोन दारं सोडून राहणारी. तिने मोबाईल काढला आणि त्यात डोकं घातलं. तिचा मुलगा माझ्या कमरेजवळून आत गेला, खुर्चीवर बसला आणि पाय हलवायला लागला.

यशोधरा काही गप्प बसणारी नाही. तिने मोठ्याने विचारलं, "आई, वी नॉट ऑन द लिस्ट, आह? बट वी मराठी, राइट?"

रांगेतले सगळे आमच्याकडे बघायला लागले. माझा हात तिच्या खांद्यावर गेला. मी खांदा दाबला. जोरात. "गप."

ती गप्प झाली. आम्ही बाहेर आलो. लिफ्टमध्ये ती खांदा चोळत होती. ते मी बघितलं. तसाच खांदा मीही चोळला होता. मनमाडमध्ये. तिच्याच वयाची असताना. आणि दाबणारा हात माझ्या बापाचा होता.

मनमाडला रेल्वेच्या रुळांपलीकडे आमची वस्ती. बाप रेल्वेत गँगमन. त्या वर्षी शिरगणती आली आणि मोजायला आले आमच्याच शाळेचे गुरुजी, माझे वर्गशिक्षक. पण ते वस्तीत आलेच नाहीत. गल्लीच्या तोंडाला चहाची टपरी होती, तिच्या बाकड्यावर बसले. माझ्या बापाला बोलावून घेतलं, कारण तो सातवी शिकलेला. म्हणाले, "तूच सांग रे. कितीक घरं, कितीक डोकी. आत कुठं फिरत बसू उन्हाचं?"

ऊन नव्हतं. थंडीचे दिवस होते.

बापाने उभ्या उभ्या अख्खी वस्ती तोंडपाठ सांगितली. कुणाला किती पोरं, कुणाची म्हातारी आंधळी, कुणाची लेक माहेरी परत आलेली. गुरुजी लिहीत होते. मग आमचं घर आलं. "धर्म?"

"बौद्ध," बाप म्हणाला.

मी गुरुजींच्या समोर उभी होते. उलटं वाचायची मला सवय होती. वर्गात टेबलावर मार्कांची वही पडलेली असायची, ती आम्ही पोरं उलटीच वाचायचो. तसं मी वाचलं. गुरुजींनी 'हिंदू' लिहिलं होतं.

"बाबा, गुरुजींनी हिंदू लिहिलंय."

गुरुजींचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे. म्हणाले, "हे कच्चं आहे. पक्कं घरी जाऊन करतो. पोरगी लई हुशार आहे हं तुझी."

तेव्हा बापाचा हात माझ्या खांद्यावर आला. पहारीने रूळ हलवणारा हात. त्याने दाबला. आणि बाप हसला. गुरुजींकडे बघून हसला. स्कॉलरशिपचा माझा फॉर्म गुरुजींच्या टेबलाच्या खणात होता, सही व्हायची होती. बापाला ते ठाऊक होतं. गुरुजींनाही ठाऊक होतं. मला नव्हतं.

सही झाली. मी स्कॉलरशिपला बसले, शिकले, केमिस्ट झाले, सिंगापूरला आले. गुरुजींनी घरी जाऊन पक्कं काय लिहिलं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. बाप मेला. सरकारच्या कागदावर आपण कोण म्हणून जगलो हे न कळताच मेला.

म्हणून लिफ्टमध्ये मी स्वतःलाच विचारलं. इतकी शिकले, समुद्र ओलांडला, आणि बापाकडून काय घेतलं? खांदा दाबायची रीत!

दुसऱ्या दिवशी मी आरतीला कॉरिडॉरमध्ये गाठलं. विचारलं, "अगं, मंडळाने गणना केली तरी कधी? माझ्याकडे कुणी आलंच नाही."

ती म्हणाली, "संक्रांतीला नाही का? हळदीकुंकवाला आम्ही सगळीकडे फिरतोच. या वर्षी वाण म्हणून डबे दिले. एक डबा, एक घर. वेगळं फिरायला नको, जाताजाता काम झालं."

मला आधी हसूच आलं. मग हसू आटलं.

हे सगळे शिकलेले लोक हो! कुणी बँकेचं सॉफ्टवेअर चालवतो, कुणी मॅनेजर. यादीच्या रकान्यांना गुलाबी, पिवळे, हिरवे रंग भरतात. आणि घरं मोजली कशाने? डब्यांनी. डबा जातो सवाष्णीला. ज्या घरात कुंकू लावायला कपाळ नाही, ते घरच नाही. चार पोरं मिळून एका फ्लॅटमध्ये राहतात, ते घर नाही. विद्यापीठाच्या हॉस्टेलात रात्रंदिवस प्रयोग करणारी मुलगी, तिचं घर नाही. एवढ्या हुशार डोक्यांत कुणाच्याही डोक्यात आलं नाही की ही शिरगणती नाही, ही कपाळगणती आहे.

माझा नवरा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत संपला. तर ते एक कारण. ते मंडळाच्या बायका तोंडाने सांगायच्या. "तुम्हाला अवघडल्यासारखं होईल म्हणून नाही आलो हो." किती काळजी!

दुसरं कारण त्या डोळ्यांनी सांगायच्या.

नवरा होता तेव्हाची गोष्ट. आमची इथली पहिली संक्रांत. सुमेधाताई आणि अजून दोघी आल्या होत्या. सगळ्या छान नटलेल्या, काठपदराच्या साड्या, अत्तराचा वास. मी दार उघडलं, या या म्हटलं. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आणि तिच्या वर भिंतीला निळ्या कोटातला फोटो. तो कुणाचा हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. तिघींची नजर एकदम तिकडे गेली आणि एकदमच परत आली. मी पाणी आणलं. "नको नको, आत्ताच प्यायलो आरतीकडे." मी लाडू आणले. ते एकीने रुमालात बांधून घेतले. मला कुंकू लावलं, पण बोट कपाळाला टेकतं न टेकतं तोच उचललं. जाताना सुमेधाताई म्हणाल्या, "छान ठेवलंय हो घर! स्वच्छ आहे अगदी."

स्वच्छ आहे! जशी काही घाणीचीच अपेक्षा होती.

दुसऱ्या वर्षी नवरा होता, कुंकू होतं, तरीही कुणी आलं नाही. आरतीच्या दारात बांगड्या वाजल्या, हसणं झालं. मग पावलं माझ्या दारावरून सरळ लिफ्टकडे गेली. मी आत दाराला पाठ लावून उभी होते. तेव्हाही मूग गिळले. म्हटलं, जाऊ दे. आपल्याला काय कमी आहे?

पण आता यशोधराचा प्रश्न होता. शाळेत मातृभाषा म्हणून तिला हिंदी. शाळेच्या यादीत मराठी नाही. घरी मी एकटी, सकाळी सहाला बस पकडणारी. पोरगी इंग्रजीत विचार करते आणि इंग्रजीत रडते. माझी आई मनमाडहून फोन करते, "यशू, जेवलीस का गं माय?" आणि ही म्हणते, "आज्जी, आय ऑलरेडी ईट लाह." आई म्हणते, "काय म्हणती गं ती? मला कळंना." दोघींच्या मध्ये मी, फोन धरून. माझी आई आता फार दिवसांची सोबती नाही. मला तो वर्ग हवा होता. दया म्हणून नको, जागा उरली तर नको.

मी मंडळाच्या सेक्रेटरींना फोन केला. मोठ्या कंपनीतला माणूस, बोलणं अगदी मऊ. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तुमचं म्हणणं रास्त आहे मॅडम. त्रुटी राहिली असणार. असं करा ना, राहिलेली घरं तुम्हीच गोळा करा. महिनाभर देतो. वर्धापनदिनाला पुस्तिका काढतोय, तोच आकडा क्लबला द्यायचाय. आकडा मोठा झाला की क्लब मोठी खोली देईल. आपल्या सगळ्यांच्याच फायद्याचं."

आपल्या सगळ्यांच्या! मी भुलले. खरंच भुलले.

मी कामाला लागले. सात घरं तर आठवड्यात मिळाली. दोन बौद्ध कुटुंबं, एक नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई, चार-चार पोरांचे दोन फ्लॅट, ती हॉस्टेलची मुलगी आणि मी. मला वाटलं झालं. माझी यादी पुरी.

मग संतोष भेटला. भेटला म्हणजे काय, तो दोन वर्षं समोरच होता.

मी जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लँटच्या लॅबमध्ये काम करते. आम्ही एसी बसने जातो, गळ्यात पास. कंत्राटदाराची माणसं लॉरीच्या मागच्या हौद्यात बसून येतात. त्यांतला एक पाईपांभोवती परांची बांधणारा. जेवणाच्या सुट्टीत तो गेटजवळच्या सावलीत बसून फोनवर बोलायचा, "बाळंतपण नीट झालं का? आन् पोरीचं नाव काय ठिवलं?" चक्क मराठीत. परभणीकडचं मराठी. दोन वर्षं मी ते ऐकत होते आणि पुढे जात होते. एकदा त्याने मान वर करून ओळखीचं हसू केलं होतं, तर मी पासकडे बघायला लागले. का? आपल्याला त्याच्याबरोबर कुणी बघेल म्हणून. मी केमिस्ट मॅडम ना!

त्या दिवशी तोच पुढे आला. लॅबच्या टेबलावर माझी फाईल उघडी पडलेली त्याने काचेतून बघितली होती. दारात हेल्मेट काढून उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, तुमच्या फाईलवर 'सिंगापूरमधील मराठी माणसं' असं लिवलंय. त्याच्यात आमी येतो का?"

मी स्वतःला काय म्हणून घेऊ? सुमेधाताईंनी माझं दार टाळलं, मी याचं तोंड टाळलं. मोजणी करायला निघाले आणि वही बंद करून बसले होते. त्यांनी कपाळ बघितलं, मी हेल्मेट बघितलं. फरक काय?

"येता," मी म्हटलं. "यायलाच पाहिजे. तुम्ही किती जण आहात?"

"आमच्या कामगारांच्या डॉर्ममदीच लई हाईत. रविवारी लिटिल इंडियात या. दावतो."

चार रविवार गेले. यशोधराला घेऊन मी जायचे. मोठ्या दुकानाच्या मागे मोकळ्या जागेत ही माणसं गवतावर बसलेली असायची, पिशव्या शेजारी, फोन कानाला. तमिळ, बंगाली, आणि त्यांत विखुरलेले आमचे. संतोष हाताने दाखवायचा, "त्यो नांदेडचा. त्यो बीडचा." मी कागद घेऊन गेले की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, पोलिसाचं तर काही नाही ना?" दुसरा प्रश्न, "वर्क परमिटला धोका नाही ना?" दोघांनी नाव सांगितलंच नाही. उठून गेले. एक जण म्हणाला, "आमाला मोजून काय मिळनार?"

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "मला ठाऊक नाही, दादा. पण न मोजल्यामुळे काय मिळतं ते ठाऊक आहे."

तो सरकून जवळ बसला. मग म्हणाला, "लिवा. पर गावाचं नावबी लिवा. तालुका, जिल्हा, समदं लिवा."

सगळ्यांनी तेच सांगितलं. गाव लिहा. कुणी वाकून वाकून बघायचा, नीट लिहिलंय का. सत्तावीस माणसं झाली. यशोधरा माझ्या शेजारी बसून इंग्रजीत आकडे टाकायची. एकाने तिला विचारलं, "तुझं गाव कोनतं गं?" तिने आमच्या इमारतीचा नंबर सांगितला, "ब्लॉक टू-वन-फोर." सगळे हसले. मी नाही हसले.

सात घरं आणि सत्तावीस माणसं. सगळं शाईने लिहिलेलं, सही असलेलं. मी सेक्रेटरींच्या हातात दिलं. त्यांनी कागद चाळले. "वा! कमाल केलीत. पण एक छोटीशी अडचण आहे. आपण घरं मोजतोय ना, कुटुंबं. ही माणसं टेम्पररी. डॉर्मला घर कसं म्हणणार?"

"मग तुमचा एम्प्लॉयमेंट पासचा व्हिसा काय कायमचा आहे?" मी विचारलं.

ते हसले. "बघतो मी. करतो काहीतरी. तुम्ही निश्चिंत राहा."

आठ दिवसांनी सुमेधाताईंचा फोन. आवाजात मध. "अहो, खुशखबर! यशोधराला वर्गात घेतलंय. खास बाब म्हणून. मीच शब्द टाकला कमिटीत. या रविवारपासून पाठवा."

खास बाब. मी फोन ठेवला आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? दुरेघी वही कपाटातून काढली सुद्धा. माझ्या आईला फोन करून सांगितलं, पोरगी आता शिकणार. आई रडली. वर्धापनदिन त्याच शनिवारी होता. म्हटलं, यादीतही घेतलं असणार. संतोषला निरोप दिला, या, पुस्तिकेत तुमची नावं आहेत.

तो आला. अजून दोघांना घेऊन आला. इस्त्रीचे शर्ट, भांग पाडलेला, बूट पुसलेले. दारावरच्या पोरीने विचारलं, "तुम्ही केटरिंगचे का?" संतोष म्हणाला, "नाय, आमी मराठी." शेवटच्या रांगेत बसले. मी आणि यशोधरा त्यांच्या शेजारी.

पुस्तिका वाटल्या गेल्या. गुळगुळीत कागद, वर गणपती. मंचावर सेक्रेटरी बोलत होते. "सांगायला अभिमान वाटतो, सिंगापुरातली आपली घरं आता दोनशे बारा!" टाळ्या.

संतोष पानं उलटत होता. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होता. ओठ हलत होते. सगळी नवरा-बायकोची नावं, जोडीने छापलेली. शेवटपर्यंत गेला. परत पहिल्या पानावर आला. परत शेवटपर्यंत गेला. मग हळूच म्हणाला, "ताई, आमचं पान कुठंय?"

मी त्याच्या हातून पुस्तिका घेतली. शेवटचं पान. जाहिरातींच्या आधी. वर मथळा, 'हितचिंतक'. खाली सात नावं, सहावं माझं. आणि त्याखाली एक ओळ, 'व आपले कामगार बांधव'. संपलं. नाव नाही, गाव नाही, तालुका नाही. सत्तावीस माणसांची एक ओळ.

हितचिंतक! म्हणजे मी मराठी नाही, मराठी लोकांचं भलं चिंतणारी कुणी बाहेरची आहे. शेजारच्या गावची.

यशोधराने मान लांब करून पानात बघितलं. तिला ती बारीक मराठी अक्षरं भरभर वाचता येत नव्हती, पण संतोषचा चेहरा तिला वाचता आला. तिने विचारलं, मोठ्याने, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं, "आई, अंकलचं नेम व्हेअर? ही गेव्ह हिज नेम, व्हॉट. आय रोट द नंबर."

माझा हात उचलला गेला. तिच्या खांद्याकडे. अर्ध्यात आला आणि मी तो मागे घेतला. मागे घेऊन स्वतःच्याच दुसऱ्या हाताने धरून ठेवला. आणि उभी राहिले.

"आकडा चुकलाय," मी म्हटलं.

मंचावरून आवाज आला, "मॅडम, प्रश्न शेवटी घेऊ."

"प्रश्न नाही. दुरुस्ती आहे. मी सात घरं आणि सत्तावीस माणसं सह्यांनिशी दिली होती. ती कुठे गेली?"

सगळ्या माना वळल्या. सेक्रेटरी हसत म्हणाले, "अहो, घेतलंय की तुम्हाला! शेवटच्या पानावर बघा. आणि तुमच्या मुलीला खास बाब म्हणून वर्गात प्रवेशही दिलाय. अजून काय हवंय?"

माईकवर म्हणाले. सगळ्यांदेखत. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघून च् च् करायला लागल्या. उपकाराची जाण नाही हो या लोकांना. ते कुणी बोललं नाही. पण मी उलटं वाचायला लहानपणीच शिकले होते.

मला कळलं, हा सौदा होता. पोरगी आत, तोंड बंद. गुरुजींच्या खणातला तोच फॉर्म. तीच सही. माझ्या बापाने ती घेतली होती, माझ्यासाठी. मी त्याला दोष देत नाही. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच. माझ्याकडे आहे. मी त्याच सहीवर इथवर पोचले आहे. आता मीही तेच केलं, तर त्याने गिळलेलं सगळं फुकट गेलं.

"खास बाब नको मला," मी म्हटलं. आवाज फाटला, फाटू दिला. "माझी मुलगी खास नाही. ती मोजणीतली आहे. घर म्हणून मोजा, नाहीतर तिची जागा दुसऱ्याला द्या. आणि ही माणसं हितचिंतक नाहीत. ती मराठी आहेत. त्यांची नावं छापा. गावासकट."

"छापून झालंय मॅडम. आता काय करणार?"

"पुन्हा छापा."

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "बसा ना खाली, कार्यक्रम चालू आहे." आरती नखं बघत होती. एकही माणूस उठला नाही. एकही नाही. आम्ही पाच जण बाहेर आलो. आत लावणी सुरू झाली.

सोमवारी मी रजा टाकली आणि क्लबाच्या ऑफिसात गेले. तिथली अधिकारी बाई चिनी, पन्नाशीची, चश्मा नाकावर. मी माझ्या यादीची प्रत तिच्यापुढे ठेवली. सांगितलं, मंडळाने दिलेला आकडा खोटा आहे, त्यात या यादीतली माणसं नाहीत. तिने मंडळाची यादी काढून माझ्या यादीशेजारी ठेवली. "सेम लँग्वेज, व्हाय गॉट टू लिस्ट?"

मी काय सांगू तिला? वेस म्हणजे काय, ते इंग्रजीत कसं सांगू? म्हटलं, "सम पीपल दे डोंट काउंट." तिने पत्र घेतलं, पोच म्हणून शिक्का मारला, बघू म्हणाली. अजून बघतेच आहे.

संध्याकाळी सुमेधाताईंचा फोन. आता मध नव्हता. "शोभतं का हे तुम्हाला? घरातलं भांडण चव्हाट्यावर मांडलंत! परक्यांपुढे आपली लाज काढलीत."

"कुठलं घर, ताई?" मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलंत ना, तुमचं घर यादीत नाही."

फोन बंद झाला.

आता कुणी बोलत नाही. आरती लिफ्ट आली तरी जिन्याने जाते. वर्गात यशोधराच्या जागी दुसरं मूल बसलंय. मी तिला रविवारी घरीच शिकवते, मला जमतं तसं, रागावून, थकून. ती 'ळ' उलटा काढते. माझ्या आईला फोनवर तिचं अजून काही कळत नाही.

आणि संतोषचं परमिट संपलं. मागच्या महिन्यात परत गेला. जायच्या आधी गेटजवळ भेटला, म्हणाला, "ताई, छापलं का?" मी नाही म्हटलं. त्याने मान हलवली आणि लॉरीत चढला. सहा वर्षं या बेटावर पाईपांच्या उंचीवर लटकला माणूस, आणि न मोजताच गेला. हे मला सहन होत नाही. होऊ द्यायचंही नाही.

त्याचं नाव माझ्या वहीत आहे. खोडलेलं नाही, खोडणार नाही. तो इथे होता. वही आता दुसरी लागली आहे. दर रविवारी नावं वाढतायत. दर महिन्याला एक प्रत क्लबाला जाते, एक मंडळाला. उत्तर येत नाही. प्रत जातेच.

संक्रांत जवळ आली आहे. त्या पुन्हा निघतील, डबे घेऊन, घरं मोजत. माझ्या मजल्यावर येतील, आरतीचं दार वाजवतील. या खेपेला मी दाराला पाठ लावून उभी राहणार नाही. कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून बसणार आहे, लिफ्टच्या वाटेत. मांडीवर वही. शेजारी यशोधरा, तिला काय विचारायचं ते विचारायला मोकळी.

वाण नको मला. कुंकू नको. तुमची यादी काढा, सुमेधाताई, इथेच काढा. माझं घर लिहा. सत्तावीस माणसं लिहा, संतोषपासून सुरुवात करून. घरी जाऊन नाही. माझ्या डोळ्यांदेखत.

आणि कच्चं नाही. पक्कं.